तलावाकाठी उभा असलेला खात्या

मित्रांनो, सागवानी चौकटीतले मी एक जुने चित्र आहे. आज मला काच नाही, माझी एक कड वाळवीने खाल्ली आहे आणि मधोमध पाण्याचा पिवळट डाग पसरला आहे. पण एके काळी शहादा तालुक्यातल्या एका मोठ्या घराच्या बैठकीत, अगदी दारासमोर, माझी जागा होती.

ते घर हिंमतरावांचे. गोमाई नदीकाठी त्यांची केळीची आणि पपईची शेती होती. नवे घर बांधून झाले तेव्हा बैठकीची लांब भिंत त्यांना ओकीबोकी वाटू लागली. त्यांनी चित्रकलेच्या नवनीत गुरुजींना बोलावून घेतले.

"गुरुजी, माणूस घरमा उना की त्याले आपला महाराष्ट्र दिसाले पाहिजे," ते म्हणाले.

रायगड, अजिंठ्याची लेणी आणि कोकणचा समुद्र अशी तीन चित्रे ठरली. तेवढ्यात हिंमतरावांच्या पत्नी सिंधुबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आन् आपलं तोरणमाळ? ते काय महाराष्ट्रमा नही शे?"

असा माझा जन्म झाला. बाकीची तिन्ही चित्रे गुरुजींनी छापील चित्रांवरून केली. माझ्यासाठी मात्र ते जीपने घाट चढून तोरणमाळला आले आणि तलावाकाठी कागद मांडून बसले. तिथे खात्या नावाचा एक तरुण शेळ्या घेऊन आला होता. त्याने गुरुजींना प्यायला पाणी आणून दिले आणि रंग कसे कालवतात ते पाहत बसला. गुरुजींनी त्याला काठावरच्या खडकापाशी उभे केले. त्याची बायको रूपलीबाई जवळच सरपण बांधत होती. तिला दिवस गेले होते.

"मोठा काढा, गुरुजी," खात्या म्हणाला. "बारका काढला तर कोणाला दिसायचा नाही मी."

रूपलीबाई तोंडाला पदर लावून हसली. गुरुजींनीही ऐकले. मागे डोंगर, मध्ये निळे पाणी आणि पुढे खांद्यावर काठी आडवी टाकून उभा असलेला हसरा खात्या. भिकन मिस्त्रीने मला चौकट केली, काच बसवली आणि मी भिंतीवर चढले.

माझे ते दिवस फार चांगले होते. पाहुणे रायगडाला हात जोडत, समुद्राचे कौतुक करत आणि माझ्यापुढे येऊन थांबत. "हाऊ कोण शे?" असे विचारत. सिंधुबाई रोज माझी काच पुसायच्या आणि प्रत्येकाला सांगायच्या, "तोरणमाळना खात्या शे तो. खराखुरा माणूस शे."

दिवाळीनंतर खात्या मिरची तोडायला आमच्या गावात आला. सिंधुबाईंनी त्याला ओसरीवर पाहिले.

"ये ना भाऊ, मझार ये. तू माले रोज दिसस, आज तू पाय तुले."

पायांची माती पुसून तो आत आला. माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्याने खांद्यावर काठी धरल्यासारखा हात केला आणि तो नि सिंधुबाई दोघेही हसले. जाताना म्हणाला, "लेकरू झालं की त्याला घेऊन येतो, बाई. घरवालीला पण आणतो."

तो पुन्हा आला नाही. पुढच्या महिन्यात तो ऊसतोडीला गुजरातला निघाला आणि मजुरांचा ट्रक घाटात उलटला. खात्या त्यात गेला. त्याच्याबरोबर मिरची तोडायला आलेल्या वाहरूने ही बातमी आणली. सिंधुबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. वाहरूकडेच त्यांनी निरोप दिला, "रूपलीले सांग, तुन्हा घरवाला आठे भिंतवर शे. कधी बी ये."

निरोप पोहोचला. पण पदरात तान्ही मुलगी, आणि पोटासाठी आज इथे तर उद्या तिथे मजुरी. रूपलीबाईचे खाली येणे राहत गेले. खात्याचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता. जगात त्याचा चेहरा फक्त माझ्याजवळ होता.

वर्षे गेली. सिंधुबाई वारल्या. पाहुण्यांना माझी ओळख सांगणारे कोणी उरले नाही. मुलगा भूपेशचे लग्न झाले, त्यानंतर बैठकीचे रंगकाम निघाले. भिंतीवर मोठा टीव्ही आला. सून स्वप्नालीने सोनेरी काठांची नवी चित्रे मागवली. रायगड शाळेत गेला, समुद्र आणि लेणी भूपेशच्या मामांनी नेली. रंगकामात माझी काच तेवढी फुटली होती, म्हणून मला मागच्या पत्र्याच्या खोलीत फवारणीच्या पंपामागे ठेवले.

हिंमतरावांचे गुडघे तोवर गेले होते. खाटेवरून त्यांनी एकदा भूपेशला विचारले, "तोरणमाळ कोठे गये रे?"

"ठेयेल शे, बापू. नीट ठेयेल शे."

त्यांनी पुन्हा विचारले नाही. पावसाळ्यात पत्रा गळू लागला. पाणी थेंबाथेंबाने माझ्यावर पडत राहिले. मी जलरंगांचे चित्र. मला ओरडता आले असते तर मी सारे घर गोळा केले असते.

गेल्या उन्हाळ्यात ओसरीवर दोघीजणी आल्या. एक रूपलीबाई, आणि दुसरी तिची मुलगी जागृती. जागृती शिकून परिचारिका झाली आहे, धडगावला नोकरी करते. पहिली रजा मिळताच ती आईला घेऊन आली होती.

"माझ्या वडिलांचं चित्र आहे ना तुमच्याकडे?" तिने विचारले. "मी त्यांना पाहिलेलं नाही."

हिंमतराव काठी टेकत स्वतः उठले. भूपेशने मला बाहेर आणले, कोरड्या फडक्याने धूळ पुसू लागला, आणि त्याचा हात थांबला. डोंगर होता. तलाव होता. काठी होती, काठी धरलेले हात होते. चेहऱ्याच्या जागी पिवळा डाग होता.

रूपलीबाईने माझ्यातल्या हातांवरून बोट फिरवले. "उभा असाच राहायचा," ती एवढेच बोलली.

स्वप्नाली धावत जाऊन लग्नाचा अल्बम घेऊन आली. एका फोटोत नवरा-नवरीच्या मागे मी होते. सगळे वाकून पाहू लागले. पण नेमका माझ्या काचेवर फ्लॅशचा लखलखाट पडला होता, आणि चेहरा त्यातच बुडाला होता.

"मला माहीत नव्हतं हो," स्वप्नाली रडू लागली. "मला वाटलं, असंच कोणाचं तरी काढलेलं आहे."

"तुले कोन सांगाले पाहिजे व्हतं? मी," हिंमतराव म्हणाले. "मी सांगं नही, माय. मी नुसता पडी ऱ्हायनू."

त्यांनी मला जागृतीच्या हातात दिले. आता मी तोरणमाळला, बांबूच्या कुडाच्या भिंतीवर आहे. जागृती सुट्टीला येते तेव्हा माझ्यासमोर बसून आईला विचारते, "डोळे कसे होते त्यांचे?" रूपलीबाई सांगू लागते, मग मध्येच थांबते. परवा ती म्हणाली, "इतकी वर्षं झाली, पोरी. आता मलाही नीट दिसत नाही."

मित्रांनो, घर सजवायला जरूर चित्रे लावा. जुनी झाली तर उतरवाही. पण उतरवण्याआधी घरातल्या थोरांना विचारा, हे कोणाचे आहे, यात कोण उभे आहे. आणि थोरांनो, कोणी विचारले नाही तरी तुम्ही सांगा. मला शेकडो पाहुण्यांनी डोळे भरून पाहिले. जिने पाहायला हवे होते, तिच्यापर्यंत मी पोहोचले तेव्हा तिला दाखवण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते.