नाक मुरडलं की बाद

तिने खुर्ची उलटी केली आणि पायाच्या सांध्यावर बोटाच्या पेराने ठोकलं. टप्. पक्का सांधा टक् वाजतो. टप् वाजला म्हणजे आतली खुंटी सैल, आज ना उद्या पाय डुगडुगणार. तिने सांध्यावर खडूने फुली मारली. सकाळपासूनची ही तिसरी.

मुकादम केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

"वीस दिवसांत एकतीस खुर्च्या बाद केल्यास तू. त्याआधी दोन वर्षांत चार! संध्याकाळपर्यंत कारण लिहून दे, नाहीतर जुळणीवरच्या तुझ्या मामाला मी घरी बसवतो."

वीस दिवसांपूर्वीच तर तिला बढती मिळाली होती. कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाची ही केबिन, वर पंखा, दारावर 'तपासनीस' अशी पाटी. त्याआधी दोन वर्षं ती मामाच्याच टेबलाशी सरस लावायची.

फुली मारलेली खुर्ची काखोटीला मारून ती तिकडे निघाली. जेवणाची सुट्टी होती, यंत्रं बंद होती. मामा पाठमोरा बसला होता.

"मामा."

तो ढिम्म हलला नाही. ती वळसा घालून समोर आली तेव्हा मात्र दचकला.

"अरेच्चा, तपासनीसबाई! वाट चुकलात की काय?"

तिने लाकूड चाचपलं; वाळलेलं होतं. सरस ताजा होता. शिकंजेही घट्ट आवळलेले. यंत्रातून एखादी खुंटी बारीक निघतेच. ती ठोकून हुडकायची आणि बदलायची, हे मामाचं काम. ठोकायला त्यानेच तिला शिकवलं होतं.

"ही वाजव बरं," खुर्ची पुढे सरकवत ती म्हणाली. फुलीवर तिने हात ठेवला होता.

मामाने ठोकलं. टप्. आणि त्याने खुर्चीकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहिलं.

पूर्वीही तो असाच पाहायचा. मामा आपली हुशारी मिरवतोय, असं वाटून तिला हसू यायचं. सांधा सैल वाजला की तिचं नाक आपोआप मुरडलं जायचं, आणि मामा लगेच म्हणायचा, "बाद!"

आज तिने नाक जागच्या जागी धरून ठेवलं.

मामा थांबला. आणखी थोडा थांबला.

"झकास," तो म्हणाला. "एकदम पक्की."

संध्याकाळी मुकादमाने तिचा कागद मोठ्याने वाचला.

"'सैल सांधा जुळणीच्या वेळीच सापडावा. पॉलिश झाल्यावर सापडून उपयोग नाही. तपासनीसाचं टेबल जुळणीपाशीच हलवावं.' अगं, पंख्याखालून उठून भुसा खायला जातेस?"

"खाईन."

"आणि मामा?"

"त्याच्या हातात खोट नाही."

मुकादमाने डोकं खाजवलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन मामासमोर बसली. त्याने पहिली खुर्ची पुढ्यात ओढली. दोन खुर्च्या टक् वाजल्या. तिसरी टप्. मामाने मान वर केली. तिने नाक असं मुरडलं, की चार टेबलांपलीकडून दिसावं.

मामाने खुंटी उपसून बाजूला ठेवली. नवी शोधायला खाली वाकला.

"इतकं नको मुरडूस," तो हळूच म्हणाला. "पूर्वीएवढं पुरतं."