चाळीस अक्षरांपुरत्या खुणा

“आधी खुणा लिही. नाव असलंच तर मागाहून,” मोठ्या बाईंनी तिला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बेवारस मृतांच्या नोंदणीत अठरा वर्षं तिनं तेच केलं. प्रत्येक नोंद संपली की मनातल्या मनात हात जोडले.

आज नव्या सिस्टीमनं आधी नाव विचारलं, म्हणून तिनं ‘अनोळखी’ टाकलं. अर्ध्या सेकंदात सहा हजार नोंदी आल्या. खुणांवरून शोधायची सोयच नव्हती. तिनं एक नोंद उघडली.

‘उजव्या दंडावर भाजल्याचा जुना डाग, डाव्या’

पुढे काहीच नाही.

बाहेर बाकावर बसलेले आजोबा हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत आले होते; त्याच्या डाव्या पायाला सहा बोटं होती.

“साहेब, खुणांचा रकाना कापलाय.”

“चाळीस अक्षरं ठेवलीत की!” साहेबांच्या तोंडात नव्या सिस्टीमच्या उद्घाटनाचा केक होता. “सगळं आणलं असतं तर जागा दुप्पट लागली असती. आणि खुणांची सूची हवी कुणाला? मेलेल्यांना कसली आलीय घाई?”

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. क्रीमचं बोट चाटून त्यांनी तेच तिच्या पडद्यावर टेकवलं. “वेग बघा, ताई, वेग! घ्या, केक घ्या.”

रुमालानं तिनं पडदा पुसला. पुन्हा पुसला. रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकला.

“आणि जुन्या मशीनवरच्या पूर्ण नोंदी?”

“पाचला पुसणार.”

चार वाजून गेले होते. ती बाहेर आली.

“आजोबा, जाऊ नका. आज बघून सांगते.”

“दरवेळी असंच म्हणतात, बाळ.”

“मी कुठं म्हटलं होतं याआधी?”

ते सरकून नीट बसले.

तळघरात तंत्रज्ञ जुन्या मशीनची वायर हातात धरून उभा होता.

“पाचला पुसायचंय ना? अजून पाऊण तास आहे.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, वायर सोडली, एकुलती खुर्ची पुढे ढकलली. “बसा. मी चहाला जातो. माझा चहा लई गरम असतो, निवायला वेळ लागतो.”

आधी तिनं खुणांचा अख्खा रकाना कोऱ्या डिस्कवर उतरायला लावला. मग ‘डाव्या पायाला सहा बोटं’ शोधलं. एकच नोंद आली. ती तिनं शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, कागदावर उतरवली, घडी घातली. लिफ्ट समोरच उघडी होती. आजोबांकडे जायला ती जिन्याकडे वळली, सावकाश.