तिचा आवाज माझ्यापाशी होता

मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखे यंत्र कधी पाहिलेही नसेल. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. अंगाने काळा, उचलायला वर कडी, पुढे सहा बटणे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. एक जण मोटर बसवी, दुसरी रबरी पट्टा चढवी. शेवटची बाई माझ्यात टेप घालून म्हणे, "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?" आणि मी तिला तिचाच आवाज परत देई. मला स्वतःचा आवाज नाही, हे मला त्या पहिल्या दिवशीच कळले. दुसऱ्याने जे माझ्यापाशी ठेवले, तेवढेच माझे.

एका परिचारिकेने मला विकत घेतले. सगळे तिला सिस्टर म्हणत. दवाखान्यात तिच्या टेबलावर मी कित्येक वर्षे गाणी म्हटली. पुढे ती निवृत्त झाली, पण घरी स्वस्थ बसणाऱ्यांतली ती नव्हती. बसचे तिकीट फाडणारे एक गृहस्थ तिच्या शेजारी राहत. ते कंडक्टर काका. दोघांनी मिळून ठरवले, की दर शनिवारी दुपारी तंत्रशाळेतल्या मुलामुलींना एचआयव्हीबद्दल शिकवायचे. तो कशाने होतो, कशाने होत नाही, झाला तर काय करायचे. पगार नाही, मान नाही. उलट काकांना त्यांचे सोबती विचारत, "काय रे, तुला काही झालंय की काय?"

मुले ऐकत, पण वरवर. सिस्टर म्हणाली, "तक्ते दाखवून काही होणार नाही. जिला झालंय तिनेच सांगायला हवं."

म्हणून एके दुपारी सिस्टरच्या स्वयंपाकघरात एक बाई आली. पस्तिशीची असेल. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, जणू कोणत्याही क्षणी उठायचे होते. तिने पहिलीच अट घातली, "माझं नाव कुठे येता कामा नये. मी कोण, हे कुणाला सांगायचं नाही."

"शब्द दिला," सिस्टर म्हणाली आणि तिने माझे लाल बटण दाबले.

ती वीस मिनिटे बोलली. नवऱ्याकडून तिला हा आजार आला. नवरा गेला. ती मात्र रोज न चुकता गोळ्या घेत राहिली. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. एका मैत्रिणीला तिने विश्वासाने सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी तिचा पाण्याचा पेला एकटाच खिडकीत ठेवलेला होता. मग तिने दुमडलेल्या कागदांना कुणी हात लावेना. मग घरमालकाने कुलूप बदलले. हे सगळे सांगताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. मागे नळ गळत होता. टप, टप, टप. शेवटी खुर्ची सरकली आणि तिने विचारले, "झालं का? जाऊ मी आता?"

सिस्टरने मला बंद करायला उशीर केला. नळही माझ्यात राहिला, खुर्चीही राहिली आणि ते शेवटचे वाक्यही.

पुढे दोन महिन्यांनी तंत्रशाळेला साफसफाईला आणि किल्ल्या सांभाळायला माणूस हवे होते. सिस्टरने शब्द टाकला, आणि तीच बाई कामाला लागली. पहिल्याच शनिवारी ती तळघरातल्या वर्गात खुर्च्या लावायला आली, तेव्हा मी टेबलावर होतो आणि तिच्याच आवाजात बोलत होतो. समोर साठ मुले ऐकत होती.

ती जिथल्या तिथे थांबली. तिला कळून चुकले, की आता एक वाक्य जरी तोंडातून निघाले तरी हे साठ जण आवाज ओळखतील. त्या दिवसापासून तिने बोलणे सोडले. मान हलवायची, बोटांनी दाखवायची, फारच झाले तर किल्ल्यांचा जुडगा वाजवायची. मुले तिला मुकी मावशी म्हणू लागली. मित्रांनो, तिने मला थोड्या वेळासाठी आवाज दिला होता. मी तो कायमचाच घेऊन बसलो.

ते तळघर तुम्ही पाहायला हवे होते. खिडक्या छताला चिकटलेल्या, आणि बाहेर रस्ता. त्यामुळे खिडकीतून माणसे दिसत नसत, नुसते पाय दिसत. पाय यायचे, थबकायचे, निघून जायचे. दर शनिवारी टेप सुरू झाली की मावशी सगळ्यांत मागे भिंतीला टेकून उभी राही, आणि माझ्यातल्या शब्दांबरोबर तिचे ओठ हलत. आवाज पुढून यायचा, ओठ मागे हलायचे. मुलांची तिकडे पाठ असे. ते फक्त मला दिसे, आणि खरे सांगतो, माझ्या मोटरीत शहारा येई.

एका शनिवारी विजेचा दाब कमी झाला. माझा वेग मंदावला आणि तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा जड, लांबट झाला. मग टप, टप. मग खुर्चीचा करकर आवाज. मग अगदी सावकाश, "झा...लं का? जा...ऊ मी आ...ता?"

फिटरच्या वर्गातला एक दांडगट मुलगा हळूच म्हणाला, "ही बाई गेलेली आहे. हे तिचे शेवटचे शब्द आहेत."

झाले! वाऱ्याने आग पसरावी तशी गोष्ट पसरली. पुढच्या आठवड्यापर्यंत ती बाई त्याच खुर्चीत मेली होती, आणि टपटप गळत होते ते पाणी नव्हते.

यात भर पडली ती माझ्या कपाटामुळे. एरवी मी जिन्याखालच्या लाकडी कपाटात असे. शाळा सुटली, सगळे गेले, की मावशी तिथे येई. दाराला कपाळ टेकवी, किल्लीने दारावर हलकेच टकटक करी आणि फटीतून कुजबुजे, "आहेस का?" बस्स, तेवढेच. आपला आवाज अजून निघतो की नाही, हे ती बघत असावी. उत्तर देण्याची माझी फार इच्छा होई, पण माझ्यापाशी तिच्याच आवाजाखेरीज दुसरे काय होते? एकदा विसरलेली छत्री न्यायला परतलेल्या दोन मुलींनी जिन्यावरून ती कुजबुज ऐकली. छत्री तिथेच टाकून त्या पळाल्या. नंतर त्या कपाटापुढून कुणी एकटे जाईना.

आता तुम्हाला एका मुलीबद्दल सांगायला हवे. ती वायरिंग शिकत होती. तिने एकदा हातात धरलेली वस्तू सुटत नसे, म्हणून सगळे तिला 'पक्कड' म्हणत. तिच्या थोरल्या भावाला एचआयव्ही होता. कुणीतरी त्याची गोळ्यांची बाटली पाहिली आणि वर्गात फुटले. तेव्हापासून तिचा पेचकस कुणी उसना घेईना आणि तिला कुणी देईना. ती एकटीच तारा सोलत बसे. त्याचे तिला फारसे काही वाटत नव्हते. भीती वेगळीच होती.

एका शनिवारी वर्ग सुटल्यावर ती टेबलाशी आली. सिस्टर माझी वायर गुंडाळत होती. मागे मावशी खुर्च्या रचत होती.

"सिस्टर, टेपवरची बाई मेली ना?"

"नाही गं. जिवंत आहे, ठणठणीत आहे."

"मग आणा की समोर."

सिस्टरने मागे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. "ती कोण, हे न सांगण्याचा शब्द दिलाय मी."

"मेलेल्यांनाच देतात असे शब्द," पक्कड म्हणाली. "दादाने गोळ्या बंद केल्यात. अकरा दिवस झाले. मीच मूर्खासारखं त्याला टेपवरच्या बाईचं सांगितलं. तो म्हणतो, ती पण रोज गोळ्या घ्यायची, तिचं काय झालं? आई रडते, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. काय सांगू मी त्याला?"

सिस्टर गुंडाळलेली वायर पुन्हा सोडवू लागली. मागे खुर्च्यांचा आवाज थांबला होता.

त्या संध्याकाळी मावशी कपाटापाशी आली नाही.

पुढचा शनिवार उजाडला. काकांनी टेप लावली. मुले अंग चोरून बसली होती. माझ्यातून तिचा आवाज निघाला, "घरमालकाने कुलूप बदललं, त्या दिवशी मला वाटलं, सगळं संपलं..." एवढ्यात किल्ल्या वाजल्या. मावशी दोन बाकांच्या मधून चालत येत होती. ती माझ्यापुढे उभी राहिली आणि तिने बटण दाबले. खट्.

"पण संपलं नव्हतं," तोच आवाज म्हणाला.

मी तर बंद होतो!

कुणीतरी किंचाळले. दांडगटाने दोन्ही पाय बाकावर उचलून घेतले. कंडक्टर काकांनाही ठाऊक नव्हते. ते खडू हातात धरून तसेच उभे राहिले. वरच्या खिडकीत दोन पाय थबकले होते.

"भिऊ नका रे," ती म्हणाली. कित्येक महिने न वापरलेला तिचा आवाज आता घोगरा झाला होता, पण होता तोच. "मेलेली माणसं किल्ल्या सांभाळत नाहीत. आणि ती टपटप सिस्टरच्या स्वयंपाकघरातल्या नळाची. अजून दुरुस्त केला नाही त्यांनी."

"जाऊ मी आता, असं का म्हणालात मग?" मागून एकाने विचारले.

"बस चुकली असती माझी!"

कुणीतरी हसले, आणि मग पुष्कळ जण हसले. पक्कड हसली नाही. ती उठून आली, तिने मावशीचे मनगट घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाही. मग वर्गाकडे वळून म्हणाली, "गरम आहे."

"गोळ्या अजून घेता?" तिने विचारले.

"आज सकाळी सातला घेतली. सहा वर्षं झाली, एक दिवस चुकवली नाही. आता माझ्या रक्तात तो इतका कमी आहे, की तपासणीतही दिसत नाही. तुझा दादा घरी असतो ना? चल, वर्ग सुटला की जाऊ."

"आजच?"

"अकरा आणि सात किती झाले? अठरा दिवस. अजून किती थांबायचं?"

मित्रांनो, सगळे काही गोड झाले असे मी सांगणार नाही. तीन मुले त्याच क्षणी वर्गातून निघून गेली आणि त्यांतले एक परत आलेच नाही. दोन पालक मुख्याध्यापकांकडे गेले, या बाईला काढा म्हणाले. सिस्टर आणि काका त्यांच्यापुढे तासभर बसले. स्पर्शाने होत नाही, पेल्याने होत नाही, एकत्र काम केल्याने होत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "किल्ल्या कुणाकडे ठेवायच्या ते मी बघतो. तुम्ही मुलांना वेळेवर पाठवा." ती राहिली. तरी एक शिक्षक आजही किल्ली रुमालाने धरून घेतात, आणि ती ते पाहते.

पक्कडचा भाऊ त्या संध्याकाळी दार उघडायला तयार नव्हता. मावशी दाराबाहेर पायरीवर बसली आणि नुसती बोलत राहिली, पावसाबद्दल, गुडघेदुखीबद्दल, कशाबद्दलही. आवाज ऐकून त्याने दार उघडले. मधल्या खंडामुळे त्याला दवाखान्यात नव्याने तपासण्या कराव्या लागल्या. महिनाभर तब्येतही ढासळली. आता तो सायकलवरून कामाला जातो, असे मी ऐकले.

शनिवारचा वर्ग मावशीच घेते. इतकी बोलते, की काका म्हणतात, "आता हिला थांबवायचं बटण कुठे आहे?" माझी कुणाला गरज उरली नाही. माझा पट्टा वितळून चिकट झाला आहे, मोटर गंजली आहे, अंगावर धूळ आहे. त्याचे मला दुःख नाही. दुरुस्त करून मला पुन्हा बोलते करा, असे मी म्हणणार नाही.

माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या वर्गात, कामावर, जिन्याशेजारच्या घरात कुणीतरी एकदम गप्प झालेले असेल. त्याच्याविषयी कुजबुजू नका, गोष्टी रचू नका. त्याच्या दाराशी जाऊन बसा. कदाचित बराच वेळ काहीच घडणार नाही. पण ते माणूस बोलू लागले, की कृपा करून मध्ये बोलू नका.