म्हशीत असं काय आहे?

शालिग्राम वैरागडे रेल्वेतून निवृत्त झाले, रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या आपल्या घराच्या गॅलरीत येऊन बसले, आणि बसले ते बसलेच. सकाळचा चहा तिथं, पेपर तिथं, दात घासणं तिथं, अन् बनियनमध्ये हात घालून पाठ खाजवणंही तिथंच. समोर शाळा होती. मधली गल्ली इतकी अरुंद की शाळेच्या खिडकीतून कुणी हात लांब केला असता तर काकांच्या कपातला चहा ढवळून दिला असता. पण इतक्या वर्षांत त्या खिडकीतून त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

म्हणूनच त्या बुधवारी ते दचकले. खिडकीत सहावीचा अख्खा वर्ग दाटीवाटीनं उभा होता. पोरं त्यांच्याकडे एकटक बघायची, मान खाली घालायची आणि पुन्हा बघायची.

"अवं शारदे," काकांनी आत बायकोला हाक मारली, "हे पोट्टे माह्याकडं काहून पाहून राहिले?"

"तुमच्या बनियनले भोक हाय," शारदाबाई आतूनच म्हणाल्या. "मले रोज दिसते, आज त्यायले दिसलं."

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी तर एका पोट्टीनं पेन्सिल धरलेला हात खिडकीबाहेर काढला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत काकांचं पोट मोजलं. हे मात्र फार झालं. काकांनी अंगात सदरा अडकवला आणि तडक शाळा गाठली.

चित्रकलेच्या स्वरदा मॅडम शाळेत नवीन होत्या. नवऱ्याला नवा रायपूरला नोकरी लागली म्हणून दोघं पुण्याहून आली होती. दिवसभर हिंदी बोलून त्यांची जीभ थकलेली. काकांचं मराठी ऐकताच त्यांचा चेहरा फुलला.

"या ना काका, बसा!"

"बसाचं मंग. आधी सांगा, तुमचे पोट्टे माह्यं पोट काहून मोजून राहिले?"

मॅडम ओशाळल्या. "चुकलंच काका, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण करू काय? या मुलांना चित्र काढा म्हटलं की दोन डोंगर, मधोमध सूर्य, एक झोपडी, एक नदी. पहिलीपासून तेच. मी विचारलं, बूढ़ापाऱ्यात डोंगर कुठं पाहिलेत? म्हटलं, आजपासून डोंगर बंद. डोळ्यांना दिसेल तेच काढायचं. आणि खिडकी उघडली."

"आन मी दिसलो."

"तुम्ही दिसलात."

मागे वळून बघतात तो भिंतभर वैरागडेच वैरागडे! लांब वैरागडे, गोल वैरागडे, मान नसलेले वैरागडे, दोन्ही कान एकाच बाजूला असलेले वैरागडे. काकांनी भांडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. एका चित्रातलं नाक हुबेहूब त्यांच्या वडिलांचं होतं. आपल्याला ते नाक आलंय हे त्यांना साठी उलटल्यावर आज कळत होतं.

मग त्यांची नजर पोट मोजणाऱ्या पोट्टीच्या चित्रावर गेली. तिचं नाव पिंकी; ती चित्राशेजारीच उभी होती. तिनं बनियनचं भोक अगदी जीव ओतून काढलं होतं.

"हे मिटव, बेटा," काका म्हणाले.

"अंकल, उसकी शेडिंग में ही तो सबसे ज़्यादा टाइम लगा," पिंकी कळवळून म्हणाली.

काका विरघळले. विरघळले ते जरा जास्तच. "हे पाहा मॅडम," जाताना ते म्हणाले, "काढाचंच असन त नीट काढा. पुढच्या बुधवारी मी तयारीत राह्यतो."

आणि राहिले. भाचीच्या लग्नात शिवलेला कोट कपाटातून निघाला. त्याची बटणं आता लागत नव्हती, म्हणून काकांनी वर्ग सुटेपर्यंत श्वास आत ओढून धरायचं ठरवलं. मिशा काळ्या झाल्या. गॅलरीतली वाळत घातलेली लुगडी हलली आणि तिथं प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी आली. एक हात पाण्याच्या टाकीवर, नजर दूर क्षितिजावर, म्हणजे शेजाऱ्यांच्या संडासाच्या पाइपावर, अशा थाटात काका उभे राहिले.

"मैडम," खिडकीतून पिंकी ओरडली, "अंकल तो पासपोर्ट फोटो बन गए!"

"काका," मॅडमनी गल्लीपलीकडून विनवलं, "रोजच्यासारखे बसा ना. पाठ खाजवा हवं तर."

"खाजवू? कोन्त्या हातानं?"

खाज येत नसताना खाजवणं किती कठीण आहे हे काकांना त्या दिवशी समजलं. नवरदेवाला हळद लावावी तसे ते स्वतःच्या पाठीवरून हळुवार हात फिरवत राहिले. वर्ग खो खो हसला.

घरातही तीच तऱ्हा. डावीकडून आपण बरे दिसतो असं काकांच्या मनानं घेतलं होतं. ते डावी बाजू पुढे करून दात घासायचे, डावी बाजू पुढे करून पेपर वाचायचे.

"जेवाले तरी सरळ बसा," शारदाबाई म्हणाल्या. "वरण कानात जाऊन राहिलं."

पुढच्या बुधवारी काका कोट घालून गॅलरीत आले तर खिडकी रिकामी. श्वास ओढून ते थांबले. कुणी येईना. तेवढ्यात शाळेच्या मागून पोरांचा हसण्याचा आवाज आला. काका जिना उतरले आणि वळसा घालून मागच्या बाजूला गेले. तिथं दूधवाल्या राकेशचा गोठा होता. अख्खा वर्ग जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि समोर राकेशची म्हैस रवंथ करत होती.

काकांच्या पोटात काहीतरी तुटलं. कोटाचं एक बटणही तुटलं, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मॅडम," ते कसेबसे म्हणाले, "या म्हशीत असं काय हाय जे माह्यात नाई?"

स्वरदा मॅडमना हसू आवरेना, पण त्यांनी आवरलं. "ती पोज देत नाही, काका. तिला कुणी पाहतंय याचं तिला काहीच नाही."

"हे त मी बी करू शकतो."

"करा की. हा घ्या कागद. तुम्हीही काढा तिला."

"म्हैस? म्हैस त डोळे मिटून काढतो मी."

"डोळे उघडे ठेवून काढा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या हातात पेन्सिल देऊन पोरांकडे वळल्या.

काका पोत्यावर बसले. पाठीची एक रेघ झोकात आली. मग गाडी अडली. म्हशीचा कान शिंगाच्या वर असतो की खाली? जन्मभर म्हशींच्या मधून वाट काढत बाजारात गेलेला माणूस, पण हे काही सांगता येईना. त्यांनी बघितलं. खाली! आणि आडवा! अन् शिंग तर कपाळावरून मागं जातं, वर नाहीच! काकांनी कोट काढून बाजूला फेकला आणि पुढं सरकून बसले.

"राकेश भैया, ज़रा इसको रोको ना, पैर बदल रही है!"

"भैंस है बाबूजी, खंभा थोड़ी है," राकेश म्हणाला.

म्हशीनं पाय हलवला की काका नवा पाय काढायचे. जुना खोडायचं त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती, केस उभे होते, काळ्या मिशीला गवताची काडी चिकटली होती, आणि डावा हात केव्हाच सदऱ्यात शिरून पाठ करकरा खाजवत होता. घंटा झाली ती त्यांना ऐकू आली नाही. जेवायला बोलवायला आलेल्या शारदाबाई मागं उभ्या राहिल्या, त्याही दिसल्या नाहीत.

शारदाबाईंनी वाकून कागद पाहिला. "हे कायचं डुक्कर होय?"

"म्हैस होय."

"पाच पायाची?"

"ते हालून राहिली त मी काय करू?" काका खेकसले. पण नजर म्हशीवरून हलली नाही.

तिकडे पिंकीनं म्हशीकडे कधीच पाठ फिरवली होती. तिनं शेवटची रेघ मारली, फुंकर घालून कागद झटकला आणि काकांसमोर धरला. त्यात पोत्यावर पोक काढून बसलेले, जीभ बाहेर काढून पाठ खाजवणारे वैरागडे होते. स्वरदा मॅडम बघतच राहिल्या. शारदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अवो, पाहा त! अगदी तुमीच हा!"

काकांनी त्या चित्राकडे ओझरतं पाहिलं. "हव, छान हाय," ते म्हणाले, आणि पिंकीपुढं हात पसरला. "बेटा, रबर है क्या?"