दोन मंगला द्या

सासरी आल्यापासून मंगलला तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. हिर्डोशीत ती आधी गेनबाची सून होती, मग कुंडलिकची बायको, मग ज्ञानूची आई. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं ते लग्नात, उखाण्यापुरतं. पुढं जन्मभर 'अगं' नाहीतर 'ऐकलं का'. बायकांचं असंच असतं म्हणतात. म्हणणारे बहुतेक पुरुषच असतात, ही गोष्ट वेगळी.

मग तिनं पावसात पाठीवर घ्यायचं एक नवं इरलं बेतलं. भातलावणीला वाकलं की बांबूचं जुनं इरलं पाठीवर डुगडुगायचं, आणि खताची रिकामी गोणी डोक्यावर घ्यावी तर एक हात ती धरण्यातच जायचा. मंगलनं जाड प्लास्टिक कापून त्याला टोपी काढली, गळ्याशी एक नाडी लावली आणि कमरेला दुसरी. दोन्ही हात मोकळे. कुंडलिकचं भोरच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं. त्यानं तशी इरली शिवायला घेतली आणि टोपीवर छापलं, 'मंगल'. घरी येऊन चकार शब्द बोलला नाही. तिनं छाप पाहिला आणि चुलीपुढं बसून पोटभर रडून घेतलं. इतका आनंद तिला ज्ञानूच्या वेळीही झाला नव्हता.

बघता बघता भोर-वेल्ह्याच्या खाचरांतून प्रत्येक पाठीवर तिचं नाव वाकायला लागलं. "दोन मंगला द्या," असं बायका दुकानात येऊन म्हणत आणि हिला गुदगुल्या होत. पुढं पुण्याच्या एका ठोक व्यापाऱ्यानं तसलीच हिरवी, पातळ इरली आणली आणि 'मंगल' म्हणूनच विकायला काढली. "औंदाची मंगल लई बोगस निघाली बाई," असं एसटीत कुणीतरी म्हणालं, तेव्हा मंगलच्या अंगाचा तिळपापड झाला. कुंडलिक नको नको म्हणत असताना ती त्याला ओढत भोरला स्वानंद वकिलांकडं घेऊन गेली.

"नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंय ते बरं झालं," वकील म्हणाले. "पण समोरचा म्हणणार, हे आता नाव राहिलंच नाही, वस्तूचा शब्द झालाय. इंग्रजीत नावाचं पहिलं अक्षर मोठं काढतात, म्हणजे बघणाऱ्याला कळतं. आपल्यात मोठं अक्षरच नाही. तेव्हा मावशी, तुम्हाला ते बोलण्यातून दाखवावं लागेल. नुसतं मंगल म्हणायचं नाही, 'मंगल इरलं' म्हणायचं. आणि मंगला तर मुळीच नाही. नावाचं अनेकवचन होत नसतं."

मंगलनं ते घोकलं. भाकरी थापताना घोकलं, धुणं आपटताना घोकलं. थोरली जाऊ बाळाबाई बोलायला लागली की ही मध्येच अडवायची, "मंगल इरलं म्हना."

"उद्या म्हनशील, म्हशीला म्हस जनावर म्हना," बाळाबाई म्हणाली. गावात दोन दिवस तोच विनोद चालला. मंगल हसली नाही. आयुष्यात एक गोष्ट तिच्या नावावर झाली होती, आणि ती सुटू द्यायची नव्हती.

कोर्टाच्या तारखेला पुण्यात धो धो पाऊस होता. व्यापाऱ्याच्या वकील भार्गवीबाई, वयानं पोरसवदा, मंगलला सुनेसारख्या वाटल्या. आधी त्यांनी सरळच विचारलं, "पावसात पाठीवर घेता त्याला काय म्हणता?"

"मंगल इरलं," मंगल म्हणाली. स्वानंद वकिलांनी मान डोलावली.

उलटून पालटून विचारलं, तरी तिनं तेच सांगितलं. मग भार्गवीबाईंनी कागद खाली ठेवले आणि मायेनं म्हणाल्या, "मावशी, केवढ्या भिजलात हो. येताना काही घेतलं नव्हतं का?"

"घेतली व्हती की. मंगल एसटीतच ऱ्हायली बघा."

"अरेरे. तुमच्या दुकानातली होती?"

"न्हाई वो, जावेची. ती हिरवी, बाजारातली."

स्वानंद वकिलांनी डोळे मिटून घेतले. आपण काय बोललो ते मंगलला कळलं तेव्हा टंकलेखकानं ते लिहूनही टाकलं होतं. ज्या मायेनं विचारलं तिलाच ती भुलली होती. इतक्या आपुलकीनं, भिजलीस का म्हणून, तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

निकाल लागायचा तोच लागला. शब्द लोकांचा झाला, कुणीही वापरावा. कुंडलिक एका शब्दानंही रागावला नाही, आणि त्याचाच तिला राग आला. आठवडा सरायच्या आत त्यानं दुकानात हिरवा माल टांगला. "गिऱ्हाईक मंगलच मागतंय, म्या काय करू?" असं तो म्हणाला. आतापर्यंत एकदाही त्यानं ते नाव तिच्याकडं बघून घेतलं नव्हतं. मेल्याची जीभ आत्ता बरी वळली, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

पुढच्या लावणीला ती बाळाबाईच्या खाचरात चिखलात वाकली होती. वारं सुटलं होतं. तेवढ्यात मागून कोवळ्या आवाजात हाक आली, "अगं मंगल, मंगल!"

तिच्या काळजात लख्ख झालं. हातातली रोपं तशीच धरून ती ताठ उभी राहिली आणि वळली. "ओ," ती म्हणाली.

बांधावर बाळाबाईची नवी सून अश्विनी उभी होती. ती ओशाळून हसली.

"तुमाला न्हाई, काकी. माझी मंगल उडाली वाऱ्यानं. तुमच्या पायाशी हाय बघा, तेवढी द्या."