नव्या माणसासाठी राखलेली चूक

मी एक चूक बोलतेय. दचकू नका! माणसं आपल्या चुका पदराआड लपवतात, मला मात्र चारचौघांत मांडून ठेवलं होतं, तेही वर चिठ्ठी डकवून. का ते सांगते.

माझा जन्म सोलापुरातला, एका ॲपमध्ये. 'पाणी आलं' हे त्याचं नाव. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. पुढची पाळी कधी हे लोकांना आधी कळावं, म्हणून सोमशेखरने ते लिहायला घेतलं. एका सकाळी तो महिन्यांचे दिवस लिहीत होता. जानेवारीचे एकतीस लिहिले आणि आतून त्याच्या आईने, अव्वांनी, हाक मारली, "सोमू, पाणी आलं रे! पिंप भर आधी!" गडी उठला. पिंप, टाकी, हंडे भरून घामाघूम होऊन परत आला आणि घाईघाईत बाराही महिन्यांना एकतीस दिवस देऊन मोकळा झाला. झालं, मी जन्मले! पाण्याचं ॲप लिहिताना पाण्यानेच घोटाळा केला, आता बोला!

हे ॲप कुठल्या कंपनीचं नाही. आतलं सगळं लिखाण उघडं. कुणीही वाचावं, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी, जुनी मंडळी ती तपासून आत घेतात. पगार कुणालाच नाही. दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाच-सहा जण लॅपटॉप घेऊन जमतात, चहा पितात नि भांडतात. मी त्यांच्या पडद्यावर उघडीच असते, त्यामुळे एक शब्द माझ्या कानातून सुटत नाही.

एप्रिलअखेर माझं बिंग फुटलं. एका बाईंनी कळवलं, "तुमचं ॲप म्हणतंय ३१ एप्रिलला पाणी येणार. कुठलं पंचांग वापरता हो तुमी?" खोलीत हशा पिकला. सोमशेखर लगेच मला पुसायला बसला, तर अंकिताने त्याला थांबवलं. नव्या लोकांना हाताशी धरून शिकवायचं काम तिच्याकडे आहे.

"दादा, ऱ्हाऊ दे तिला. तुला दोन मिनिटांचं काम, पण नव्या माणसाला आत यायला अशीच सोपी चूक लागती की."

"आणि लोक हसले तर?"

"मे एकतीसचाच हाय. जूनअखेरपर्यंत कुणाला दिसणारबी न्हाय."

मग माझ्यावर चिठ्ठी लागली : 'पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी. जुन्यांनी हात लावू नये.' खरं सांगते, एवढा मान तर बरोबर लिहिलेल्या ओळींनाही मिळत नाही!

जूनच्या सुरुवातीला शिवलिंगप्पा आले आणि चुकांच्या यादीत माझ्यापुढे 'ही मी करतो' असं लिहून गेले. वय एकसष्ट. सदतीस वर्षं रेल्वेत काढलेली, त्यातली बरीच होटगी जंक्शनला. निवृत्तीनंतर शहरात मुलाकडे आले आणि मोबाइलवर बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकले. सावित्रम्मा, त्यांच्या पत्नी, चिडवायच्या, "आता पाटी-दप्तर बी आणू का वो?" आप्पा हसायचे, पण आत एक सल होता. आधी अशाच दुसऱ्या दोन ॲपवाल्यांकडे त्यांनी मदत करायची तयारी दाखवली होती. एका ठिकाणाहून उत्तरच नाही, दुसरीकडून आलं, "आधी सगळं वाचून या."

"ही तिसरी खेप," ते बायकोला म्हणाले. "मी लिवलेलं एकदा तरी खऱ्या कामाला लागल्यालं बघायचंय. हितं जमलं न्हाय तर हे खूळ सोडणार मी."

काय जीव लावून शोधलं मला त्यांनी! मुठीच्या हाडांवर महिने मोजत, एकेका महिन्याचे दिवस लिहीत चार दिवसांत दुरुस्ती तयार. आता फक्त 'पाठवा' दाबायचं. आणि आप्पा थांबले. रोज अंघोळ करून, विभूती लावून लॅपटॉप उघडायचे, पडद्याकडे बघत बसायचे आणि मिटून टाकायचे. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस! मी आतून ओरडतेय, अहो दाबा की, आता कसला मुहूर्त बघताय? पण चुकीचं कोण ऐकतंय?

बावीस तारखेला रविवारच्या मंडळींतल्या ऋतुराजने चुकांची यादी चाळली. पोरगा हुशार, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "म्हातारबा पळाले वाटतं," म्हणाला आणि दोन मिनिटांत मला उडवून मोकळा. माझ्या नावापुढे 'बंद' असा शिक्का बसला. लई राग आला मला. मरायला मी तयारच होते, पण ह्याच्या हातून नव्हे!

आप्पांनी तो शिक्का पाहिला आणि लॅपटॉप मिटला. "काय झालं वो?" सावित्रम्मांनी विचारलं. "काय न्हाय. झालं आपलं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी चिडवायची हिंमत त्या माउलीलाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी अंकिताचा फोन आला. "आप्पा, दिसला न्हाई तुमी? अडलं होतं का कुटं?"

"अडलं कुटं? काम तर कवाच झालंय माजं."

"मग पाठवलं का न्हाई?"

"तुमी कुणी परवानगीच दिली न्हाय की! अगं पोरी, सदतीस वर्षं पुढच्या स्टेशनानं हो म्हणल्याबिगर एक गाडी सोडली न्हाय मी. मी आपला रोज तुमचा निरोप बघतोय."

अंकिताने कपाळावर हात मारून घेतला. परवानगी लागत नाही, बिनधास्त पाठवा, हे जुन्यांना इतकं ठाऊक होतं की नव्यांसाठीच्या माहितीत कुणी लिहिलंच नव्हतं! तिने आप्पांची माफी मागितली आणि थेट सोमशेखरला गाठलं, "ऋतुराजची दुरुस्ती काढ बाहेर."

"दुरुस्त झालेली चूक परत घालायची? डोकं फिरलं का तुझं?"

"महिना संपायला सात दिवस हायत, दादा. चूक कवाबी दुरुस्त होती. माणूस असा हिरमुसून गेला की परत येत न्हाई."

सोमशेखरने ती दुरुस्ती बाहेर काढली आणि मी जिवंत झाले. मारलेली चूक मानाने परत आणल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही. आप्पांनी त्याच दुपारी 'पाठवा' दाबलं, आणि अंकिताने तपासायला बसवलं कुणाला? ऋतुराजला!

त्याला एक खोट सापडली. लीप वर्षातला फेब्रुवारी राहिला होता. बोटं शिवशिवली त्याची. 'हे तर शाळेतली पोरं पण' इथपर्यंत लिहून झालं होतं. मग थांबला, सगळं पुसलं आणि लिहिलं, "आप्पा, काम झकास झालंय. चिठ्ठी वाचूनही मी मधे हात घातला, माफ करा. तेवढं लीप वर्षाचं कसं करू या?"

"व्हय की!" आप्पा खुर्चीतच ओरडले. तासाभरात तेही झालं. पंचवीस जूनला मी दुसऱ्यांदा गेले, आणि या वेळी अगदी सुखाने. सावित्रम्मांनी ॲपमधल्या मदत करणाऱ्यांच्या यादीत पतीचं नाव बघितलं, बोट लावून दोनदा वाचलं आणि शेजारच्या गुरम्मांना दाखवायला फोन घेऊन पळाल्या.

आता मी बंद झालेल्या चुकांच्या यादीत असते. नव्यांसाठीच्या माहितीत पहिलीच ओळ आलीय, 'कुणाच्या परवानगीची वाट बघू नका,' आणि ती आप्पांनीच लिहिलीय. जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याकडे कुणी नवं माणूस येऊन गप्प बसलं, तर ते पळालं असं धरून चालू नका. एक फोन करा. आणि तुमच्या हातचं एखादं सोपं काम त्याच्यासाठी राखून ठेवा, हात कितीही शिवशिवले तरी.

परवाच्या रविवारी आप्पा वाचनालयात आले, कडक भाकरी नि शेंगाचटणीचा डबा घेऊन. अंकिताशेजारी बसत म्हणाले, "आता हात बसलाय. तसलीच आणि एक सोपी चूक दे की."

"एक हाय," अंकिता म्हणाली, "पण ती तुमाला देता येत न्हाई."

आप्पांचा चेहरा उतरला. "का गं? माजं काय चुकलं का?"

"न्हाई वो आप्पा. ती नव्या माणसांसाठी हाय."

आप्पांनी डबा खाली ठेवला. मग चष्मा काढला, डोळे पुसले आणि घरी फोन लावला, "अगं, ऐकलंस का? मी आता नवा न्हाय म्हणं!"