मोकळा उन्हाळा

शलाकाच्या खोलीतला एसी गेल्या वर्षापासून नुसताच घरघरत होता. यंदा मार्चमध्येच मी नवा बसवून घेतला. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, म्हणाला, "सरजी, उस कमरे में तो कोई रहता नहीं." मी म्हटलं, "जून में बेटी आ रही है." त्याने न विचारताच मी ते पुन्हा एकदा सांगितलं. कुवेतमधल्या, अबू हलीफातल्या या फ्लॅटमध्ये सध्या मी एकटाच असतो. माझी बायको अर्चना नाशिकला तिच्या आजारी आईजवळ, आणि शलाका अमेरिकेत, ओहायोला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात. तिला दातांची डॉक्टर व्हायचंय.

तिकडे बारावी झाली की लगेच डेंटलला जाता येत नाही. आधी चार वर्षं कॉलेज करायचं, त्यात केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स असे ठरावीक विषय उरकायचे, मग प्रवेशाचं बघायचं. कुठला विषय कधी घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. इथे माझ्या अंगात आलं. मी रिफायनरीत शटडाउन प्लॅनर आहे. प्लांट दुरुस्तीला बंद केला की कुठलं काम कशाच्या आधी, काय अडलं तर सगळंच अडेल, हे आखून देण्यावर माझं पोट चालतं. कॉलेजात सल्ला द्यायला एक बाई होत्या म्हणे. पण घरचा प्लॅनर असताना परक्या बाईंचं काय अडलंय? चार वर्षं मीच आखून दिली. अर्चना तेव्हा म्हणाली होती, "अहो, पोरगी आहे ती, बॉयलर नाही." मी ते हसण्यावारी नेलं.

पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री, दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिकचे दोन भाग, ते झाल्याशिवाय बायोकेमिस्ट्री मिळत नाही म्हणून ती तिसऱ्या वर्षी. पहिला उन्हाळा मी फिजिक्सने भरून टाकला, त्यामुळे ती घरी आलीच नाही. दुसरा उन्हाळा मात्र मोकळा ठेवला. अशा राखीव वेळेला आमच्या धंद्यात फ्लोट म्हणतात. काही बिघडलं तर तो वापरायचा. घरात मात्र त्याचा अर्थ एकच होता: शलाका येणार.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती.

"बाबा, मी ऑर्गॅनिक टू ड्रॉप केलं."

"म्हणजे?"

"विथड्रॉ. नाहीतर फेलच झाले असते. झोपच लागत नव्हती रे. इथे वीकेंडला सगळे घरी जातात, अख्खा मजला रिकामा असतो. आय जस्ट कुडन्ट."

मी आवाज चढवला नाही. तेव्हा मला त्याचं कौतुकही वाटलं. लॅपटॉप उघडून बघितलं, तर ऑर्गॅनिक अडल्यामुळे बायोकेमिस्ट्री अडत होती आणि तिच्यापायी पुढचं सगळं.

"नेक्स्ट इयर परत घेता येईल," ती म्हणाली. "एक वर्ष लेट होईन, बस. किंवा मग..."

"किंवा मग समरला घे," मी तिचं वाक्य पुरं केलं. "तिथे फ्लोट आहे ना आपल्याकडे. ऑगस्टपर्यंत होऊन जाईल, एक दिवससुद्धा वाया जाणार नाही."

ती म्हणाली, "ओके, बाबा. मेक्स सेन्स."

अडलेलं काम मार्गी लावल्याच्या खुशीत मी चहा टाकला आणि अर्चनाला फोन करून सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत मधे बोलली नाही, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

"आधी काय म्हणाली ती? पुढच्या वर्षी घेते, असंच ना?"

"हो, पण त्यात वर्ष जातं."

"जाऊ दे ना! तिला घरी यायचंय हो. तेच विचारत होती ती तुम्हाला. आणि तुम्ही तिला कामाला लावून मोकळे झालात."

मी भडकलो. "म्हणजे मला काय ती यायला नकोय?"

"हे तिला सांगितलंत कधी?"

नव्हतं सांगितलं. हारिसला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, भाजीवाल्यालाही सांगितलं. तिला आजवर विचारलं ते मार्कांबद्दल. चहा तसाच ठेवून मी तिच्या खोलीत जाऊन बसलो. घर खायला उठतं म्हणतात ते काय असतं, हे मला वर्षभर रोज कळत होतं. तिच्या त्या रिकाम्या मजल्याबद्दल ऐकूनही मला ते ओळखता आलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

लगेच फोन करायला हवा होता. पण असलं बोलायची सवय नाही. शनिवार शब्द जुळवण्यात गेला. इथे रविवार कामाचा दिवस. ऑफिसातून आलो आणि बूटही न काढता फोन लावला.

"शलाका, तू घरी ये. वर्ष गेलं तर गेलं. मला इथे करमत नाही गं."



"बाबा, मी रजिस्टर केलं. फ्रायडेलाच. समरसाठी रूम पण घेतली."

"रद्द कर. मी सांगतोय ना."

"नको. फ्रायडेला खूप रडले, मग मनाची तयारी केली. आता परत यायचं ठरवलं आणि काही झालं, तर मला नाही झेपणार." मग आवाज सारखा करून, मी लहान असल्यासारखं ती मला समजावू लागली. "इट्स ओके, बाबा. फक्त एक वर्ष. पुढच्या समरला नक्की येते. प्रॉमिस."

"हो," मी म्हणालो. "ये."

पुढच्या उन्हाळ्यात तिची डेंटलची प्रवेशपरीक्षा आहे, आणि ती झाली की कॉलेजांचे अर्ज. तिने अजून तेवढं पुढचं बघितलेलं नाही. मी बघितलंय, मीच तर आखलंय.